खताच्या गोणीपासून हुकूमशहापर्यंत: निर्बंधांनी लोकशाही येते का?

२०२२ च्या मृगाच्या तोंडावर मी बाबांसोबत आर्वीला खत घ्यायला गेले होते. संत्र्याच्या बागेला पोटॅश द्यायचं होतं. आदल्या वर्षी हजाराच्या आसपास मिळणारी पन्नास किलोची गोणी सतराशेवर जाऊन बसली होती. बाबांनी भाव दोनदा विचारला आणि चारऐवजी दोनच गोण्या घेतल्या. "काहून गा, एका वर्षात एवढी?" दुकानातले भाऊ त्या दिवशी सगळ्यांना जे सांगत होते तेच त्यांनी बाबांना सांगितलं, "लढाई सुरू आहे न काका तिकडं."

उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. आपल्या देशाला लागणारं पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून येतं. जगाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या पोटॅशपैकी साधारण पाचवा हिस्सा बेलारूस या देशाचा असायचा. लोकसंख्या एक कोटीच्या आत, म्हणजे आपल्या विदर्भाच्या निम्मीसुद्धा नाही. तिथे १९९४ पासून एकच माणूस राष्ट्राध्यक्ष आहे, अलेक्झांडर लुकाशेंको. ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत आपल्याला ८० टक्के मतं मिळाली असं त्याने जाहीर केलं तेव्हा लोकांचा बांध फुटला. राजधानी मिन्स्कमध्ये लाखाच्या घरात माणसं रस्त्यावर उतरली, हजारोंना अटक झाली. पोटॅशच्या खाणीतल्या कामगारांनीही संप केला. पुढे मे २०२१ मध्ये लुकाशेंकोच्या सरकारने एक प्रवासी विमान वाटेत उतरवून त्यातल्या विरोधी पत्रकाराला पकडलं. मग युरोपीय संघाने आणि अमेरिकेने त्याच्या पोटॅशवर निर्बंध घातले. शेजारच्या लिथुआनियाने १ फेब्रुवारी २०२२ पासून आपल्या रेल्वेने आणि बंदरातून ते पोटॅश न्यायला मनाई केली. रशिया-युक्रेनची लढाई पेटली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी.

भाव एकट्या या कारणाने चढला असं मी म्हणणार नाही. रशियाही पोटॅशचा मोठा विक्रेता आहे आणि जहाजाचं भाडंही तेव्हा वाढलेलं होतं. पण एका हुकूमशहाला वठणीवर आणण्यासाठी उचललेल्या पावलाचा धक्का आमच्या बागेपर्यंत आला, एवढं खरं. गावातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला बसतात. तिथे हे सांगितलं तेव्हा एका पोराने सरळ विचारलं, "ताई, मग तो माणूस खुर्चीवरून उतरला का?"

नाही उतरला. जानेवारी २०२५ मध्ये तो सातव्यांदा राष्ट्राध्यक्ष झाला. त्या पोराच्या प्रश्नाला एवढ्यावर सोडून देणं मात्र मला पटलं नाही, कारण याच हत्याराने दुसऱ्या एका देशात मोठं काम केलेलं आहे.

निर्बंध म्हणजे काय आणि ते घालतं कोण

एखाद्या देशाच्या सरकारने वागणूक बदलावी म्हणून बाकीच्या देशांनी त्याच्याशी असलेला व्यवहार तोडणं किंवा कमी करणं म्हणजे निर्बंध. त्याचा माल घ्यायचा नाही, त्याला शस्त्रं विकायची नाहीत, तेल द्यायचं नाही, त्याच्या पुढाऱ्यांना आपल्या देशात येऊ द्यायचं नाही, त्यांचा बँकेतला पैसा गोठवायचा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ४१ वं कलम सुरक्षा परिषदेला हा अधिकार देतं. पण त्या परिषदेत पाच कायम सदस्यांना नकाराधिकार आहे. पाचांतला एक जरी हुकूमशहाच्या पाठीशी उभा राहिला तरी ठराव पडतो. १९९० पर्यंतच्या पंचेचाळीस वर्षांत परिषदेने दोनच देशांवर सक्तीचे निर्बंध घातले होते, गोऱ्यांच्या राजवटीखालचा ऱ्होडेशिया (आजचा झिम्बाब्वे) आणि दक्षिण आफ्रिका. आज आपण बातम्यांत ऐकतो ते बरेचसे निर्बंध अमेरिकेने किंवा युरोपीय संघाने आपापल्या कायद्याने घातलेले असतात. भारत अशा निर्बंधांत सामील होत नाही, फक्त सुरक्षा परिषदेचे मानतो.

यातलं सगळ्यात जबर हत्यार डॉलर. समजा, दहा गावांचा कापूस एकाच बाजार समितीच्या काट्यावर मोजला जातो. समितीने ठरवलं की अमक्याची गाडी काट्यावर घ्यायचीच नाही, तर त्याच्या वावरात कापूस कितीही फुटो, त्याचे पैसे होत नाहीत. जगाच्या व्यापाराचा मोठा भाग डॉलरमध्ये चालतो आणि डॉलरचा काटा शेवटी अमेरिकेच्या हातात आहे. म्हणून अमेरिकेने एखाद्या बँकेचं नाव काळ्या यादीत टाकलं की तिसऱ्याच देशातल्या बँकाही तिच्यापासून चार हात लांब राहतात.

यामागचा हिशोब असा मांडला जातो: व्यापार थांबला की महागाई वाढेल, लोक चिडतील, सरकारवर दबाव येईल आणि सरकार नमेल किंवा पडेल. कागदावर साखळी सरळ दिसते. ती कुठे तुटते ते मला पुस्तकाच्या आधी चक्कीवर दिसलं होतं.

दळणाचा डबा

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आमच्या जवळच्या एका गावात एका घराला जातपंचांनी वाळीत टाकलं. पोराने जातीबाहेर लग्न केलं, एवढंच कारण. किराणा दुकानातून मीठ मिळेना, सार्वजनिक नळावर कोणी भांडं लावू देईना आणि चक्कीवाल्याने दळण घेणं बंद केलं. त्या घरातल्या काकू ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर चालत आमच्या गावच्या चक्कीवर यायच्या. दुपारी वीज नसली की तिथेच कडुलिंबाखाली बसून राहायच्या. आई मला त्यांच्यासाठी पाणी घेऊन पाठवायची. मी तांब्या पुढे केला की आधी त्या इकडेतिकडे बघायच्या आणि मग घ्यायच्या.

ज्याच्यावर पंचांचा राग होता तो पोरगा लग्नानंतर नागपूरला कामाला होता. घरातल्या कर्त्या पुरुषाकडे मोटारसायकल होती, त्याचा दिवस तालुक्याला जायचा. बहिष्काराचं ओझं पडलं ते काकूंच्या डोक्यावर. आणखी एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा उमगली. गावाने दारं लावल्यावर काकूंना नवऱ्याशिवाय कुणाचाच आधार उरला नव्हता. मीठ आणायचं तर त्यानेच, बातमी कळायची तर त्याच्याकडूनच. त्यांच्या घरात त्याचा शब्द आधीपेक्षा वजनदार झाला.

गावचा बहिष्कार आणि देशांचे निर्बंध मी एका मापाने मोजत नाही. जातपंचांचा बहिष्कार हा बलवानाने दुबळ्यावर केलेला अन्याय आहे. महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद केली, आणि ते फार उशिरा झालं. हुकूमशहाची गोष्ट उलटी, तिथे अन्याय करणाराच बलवान. पण कोंडी कोणाचीही करा, ती कोणत्या वाटेने कोणाच्या डोक्यावर जाऊन बसते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

इराक: ज्याच्या हातात रेशन

ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत बळकावलं आणि चार दिवसांत सुरक्षा परिषदेने इराकचा जवळजवळ सगळा व्यापार बंद केला. कुवेत युद्धाने सुटलं तरी निर्बंध उठले नाहीत, ते २००३ पर्यंत राहिले. इराक पोटापुरतं धान्य पिकवणारा देश नव्हता, तो तेल विकून धान्य विकत घ्यायचा. मग सद्दामच्या सरकारने घरोघरी रेशनकार्ड दिलं. दर महिन्याला पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल. आपल्याकडे रास्त भाव दुकानाचा कोटा एक महिना उशिरा आला तर काय कालवा होतो, ते आपण जाणतो. इराकमध्ये तर कोट्याशिवाय चूल पेटत नव्हती, आणि कोटा सद्दामचा होता. ज्या माणसाविरुद्ध लोकांनी उठावं अशी अपेक्षा होती, त्याच्याच हातून त्यांना पीठ घ्यावं लागत होतं.

पुढे तेलाच्या बदल्यात धान्य आणि औषधं घेण्याची योजना आली. पहिलं तेल १९९६ च्या डिसेंबरात निघालं. सरकारने त्यातही कमिशन खाल्लं. जॉर्डन, सीरिया, तुर्कस्तानच्या सीमेवरून चोरटं तेल जात राहिलं आणि तो पैसाही सत्तेच्या वर्तुळात गेला. संयुक्त राष्ट्रांचे बगदादमधले मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये या निर्बंधांच्या निषेधार्थ राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनीही २००० मध्ये तेच केलं. त्या काळात निर्बंधांमुळे पाच लाख बालकं दगावल्याचा आकडा जगभर फिरला. तो ज्या पाहणीवर उभा होता तिच्यात इराकी सरकारने फेरफार केल्याचं नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. आकडा बाजूला ठेवला तरी हाल खरे होते. मास्तर, डॉक्टर, कारकून असा शिकला-सवरलेला पगारदार वर्ग पार मोडून गेला. लोकशाहीची चळवळ उभी राहते ती बहुतेक याच वर्गाच्या खांद्यावर. तेरा वर्षांत सद्दाम हलला नाही. तो गेला तो परक्या फौजा घुसल्यावर, आणि त्यानंतर त्या देशाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आपण म्हणतो. इराकमध्ये बंबातून पाणीसुद्धा नाही, रॉकेल फवारलं गेलं.

दक्षिण आफ्रिका: जिथे साखळी तुटली नाही

आता दुसरी बाजू, आणि ती मी जरा सावकाश सांगणार आहे. "निर्बंधांनी काही होत नाही" असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना ती बहुधा नीट माहीत नसते.

दक्षिण आफ्रिकेत मूठभर गोऱ्यांनी बहुसंख्य काळ्या माणसांना मताचा हक्क नाकारला होता. कुठे राहायचं, कुठल्या शाळेत जायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळं कातडीच्या रंगावर. या राजवटीशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत. तोही १९४६ मध्ये, आपलं स्वातंत्र्य अजून यायचं होतं तेव्हा. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारत पोचला होता आणि समोर दक्षिण आफ्रिका होती. अमृतराज बंधूंचा तो संघ, जिंकण्याची खरी संधी. भारत खेळला नाही, चषक त्यांना सोडून दिला. माझ्या मोठ्या बाबांना ही गोष्ट तोंडपाठ होती आणि दरवेळी सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. लहानपणी मला कळायचं नाही की हरलेल्या चषकाचा एवढा अभिमान कसला.

सुरक्षा परिषदेने १९७७ मध्ये सक्तीची शस्त्रबंदी घातली. तरी १९८० पर्यंत राजवटीचं फारसं बिघडलं नव्हतं; ब्रिटन आणि अमेरिका व्यापार थांबवायला तयार नव्हते. चक्र फिरलं ते देशाच्या आतून. १९७६ मध्ये सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतल्या शाळकरी मुलांवर गोळ्या चालल्या होत्या. १९८३ मध्ये शेकडो संघटनांची एकजूट उभी राहिली, १९८५ मध्ये कामगार संघटनांचा मोठा महासंघ झाला. वस्त्या पेटल्या, संप सुरू झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेला दिलेल्या कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला, आणि पाठोपाठ दुसऱ्या बँकाही मागे हटल्या. त्या देशाचं चलन गडगडलं, सरकारला परकीय कर्जाची परतफेड थांबवावी लागली. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की बँकांनी हे दयेपोटी केलं नव्हतं. रस्त्यावरचा उठाव बघून त्यांना आपला पैसा बुडेल असं वाटलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने निर्बंधांचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो अडवला, तेव्हा संसदेने त्यांचा नकारही मोडून काढला.

आता हे दुखणं कोणाला लागलं ते बघा. सप्टेंबर १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या खाण उद्योगाचे प्रमुख काही गोरे उद्योगपती आणि संपादक घेऊन शेजारच्या झांबियात गेले, आणि त्यांच्या सरकारने बंदी घातलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या पुढाऱ्यांशी जाऊन बोलले. राजवटीचे खांदेच खालून निसटायला लागले होते. माझ्या मते या सगळ्या विषयात याहून महत्त्वाचा प्रसंग नाही.

आणखी दोन गोष्टी तिथे जुळून आल्या. राजवट जुलमी होती, पण गोऱ्यांना मतदान होतं. त्यांचं दुःख मतपेटीपर्यंत पोचू शकत होतं. १९९२ मध्ये गोऱ्यांचं सार्वमत घेतलं तेव्हा ६८ टक्क्यांहून अधिक लोकांनी बदलाच्या बाजूने कौल दिला. दुसरं, निर्बंध मागणारे लोक आतलेच होते. अल्बर्ट लुथुली, डेस्मंड टुटू अशा माणसांनी जगाला सांगितलं की आम्हाला झळ बसेल, आम्ही सोसू, पण तुम्ही माल घेऊ नका. मंडेला ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले तेव्हा त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं, अजून निर्बंध उठवू नका. सप्टेंबर १९९३ मध्ये त्यांनीच संयुक्त राष्ट्रांत जाऊन सांगितलं, आता उठवा. म्हणजे कुलूप बाहेरच्यांनी लावलं होतं, पण चावी चळवळीच्या हातात होती. २७ एप्रिल १९९४ ला तिथे सगळ्यांनी मतदान केलं.

निर्बंध नसते तर हे झालं नसतं का? शीतयुद्ध संपलं होतं, अंगोलातल्या लढाईने राजवट थकली होती, संपांनी कारखाने बंद पडत होते. सगळं श्रेय निर्बंधांना देणं चूकच. पण चळवळीच्या हातातलं ते एक खणखणीत हत्यार होतं, हे तिथल्याच माणसांनी सांगितलेलं आहे.

मग आकडे काय सांगतात

हफबॉअर, शॉट आणि इलियट या अमेरिकी अभ्यासकांनी पहिल्या महायुद्धापासूनची २०४ प्रकरणं तपासली. सुमारे ३४ टक्के वेळा निर्बंधांना निदान काही यश आलं, असं त्यांचं म्हणणं. मागणी छोटी असली, एखादा कैदी सोडा, एखादा निर्णय फिरवा, तर जवळपास निम्म्या वेळा. सत्ता बदला किंवा लोकशाही आणा अशी मागणी असली की सुमारे ३१ टक्के. रॉबर्ट पेप नावाच्या अभ्यासकाने त्यांच्या आधीच्या यादीतली ४० यशस्वी प्रकरणं पुन्हा उलगडून पाहिली, आणि त्यातली पाचच खरी असं ठरवलं. बाकीच्यांतल्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांत युद्ध किंवा युद्धाची धमकी होती आणि श्रेय निर्बंधांना दिलं गेलं होतं. हैतीचंच घ्या. तिथे १९९१ मध्ये लष्कराने निवडून आलेल्या अरिस्तीद यांना हाकललं. तीन वर्षं निर्बंध घालून गरीब देश आणखी गरीब झाला, पण सेनापती हटले ते अमेरिकी सैन्य निघाल्यावरच.

डर्सुन पेक्सेन आणि कूपर ड्र्यूरी यांच्या अभ्यासात असं दिसलं की निर्बंधांखाली राजवटी आणखी दडपशाही करतात, लोकशाही उलट खालावते. ख्रिस्तियान फॉन झोस्ट आणि मिखाएल वाहमान यांनी मात्र फक्त लोकशाहीच्या मागणीसाठी घातलेले निर्बंध वेगळे काढले, तेव्हा त्यांच्याबरोबर लोकशाही काही प्रमाणात वाढल्याचं दिसलं. दोघं एकमेकांना खोडत आहेत असं मला वाटत नाही. मागणी काय होती, यावर बरंच ठरतं.

राजवट कोणत्या जातीची आहे, यावरही ठरतं. एका माणसाभोवती फिरणारी सत्ता खिरापतीवर चालते. बाहेरचा पैसा आटला की वाटायला काही उरत नाही, आणि कार्यकर्ते पांगतात. एकपक्षीय किंवा लष्करी राजवटीजवळ पक्ष, फौज, करवसुली असं सगळं यंत्र असतं, ती दुसरीकडून पैसा ओढते. क्युबावर अमेरिकेची व्यापारबंदी १९६२ पासून आहे, राजवट तीच.

बाहेरून दाबलं की

आपल्यावरही निर्बंध आले होते. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, अमेरिका, जपान आणि इतरांनी मदत थांबवली. भारत तेव्हाही लोकशाहीच होता, त्यामुळे तुलना पूर्ण नाही. पण गावागावांत काय वातावरण होतं ते ज्यांना आठवतं त्यांनी आठवून पाहावं. सरकारवर टीका करणारेही म्हणत होते, बाहेरच्यांनी आम्हाला शिकवू नये. स्टेट बँकेने परदेशस्थ भारतीयांसाठी रोखे काढले आणि काही दिवसांत चार अब्ज डॉलरहून जास्त जमले. २००१ मध्ये बहुतेक निर्बंध उठले, अणुकार्यक्रम जागेवर राहिला.

हुकूमशहा हीच भावना पिकासारखी जोपासतो. नायजरमध्ये जुलै २०२३ मध्ये लष्कराने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना कोंडलं. पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने सीमा बंद केल्या, बँक व्यवहार थांबवले. नायजरची सुमारे ७० टक्के वीज नायजेरियातून यायची, तीही तोडली. सीमेवर धान्याच्या ट्रकांच्या रांगा लागल्या. लोक चिडले ते वीज तोडणाऱ्या शेजाऱ्यावर, आणि सेनापतींच्या सभांना गर्दी झाली. नायजर, माली, बुर्किना फासो या तिघांनी जानेवारी २०२४ मध्ये संघटनाच सोडायची घोषणा केली. महिन्याभरात संघटनेने बहुतेक निर्बंध मागे घेतले. राष्ट्राध्यक्ष सुटले नाहीत.

बर्माची तूर

आमच्याकडे तुरीचा भाव पडला की बाजार समितीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बर्माची तूर उतरली." बर्मा म्हणजे म्यानमार. तिथे १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली, आणि अमेरिका-युरोपने सेनापतींवर आणि त्यांच्या कंपन्यांवर निर्बंध घातले. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने म्यानमारकडून दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचा पाच वर्षांचा करार केला. आपली त्यांच्याशी सोळाशे किलोमीटरहून लांब सीमा आहे, डाळीची गरज आहे, आणि चीन तिथे बसलेलाच आहे. म्यानमारच्या सेनापतींची कोंडी करायची तर भारत, चीन, थायलंड यांनी करायला हवी, आणि तिघेही करत नाहीत. ती तूर तिथल्या लहान शेतकऱ्यांची आहे, ती अडवावी असं मी तुरीचा भाव पडलेला असतानाही म्हणणार नाही. २००३ मध्ये अमेरिकेने म्यानमारचा सगळा माल बंद केला, तेव्हा कपडे शिवणाऱ्या हजारो पोरींच्या नोकऱ्या गेल्या. सेनापतींचा पैसा गॅस, सागवान, रत्नं यांतून येत होता.

या अनुभवातून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रीत बदलली. आता नेमक्या माणसांची नावं घेतात: अमुक मंत्री, अमुक न्यायाधीश, अमुक ठेकेदार, त्याचा परदेशातला बंगला, खाती गोठवायची, व्हिसा नाकारायचा. रशियात तुरुंगात मेलेल्या सर्गेई मॅग्नित्स्की यांच्या नावाने अमेरिकेने २०१२ मध्ये असा कायदा केला. हा रस्ता मला जास्त न्यायाचा वाटतो. त्यातही खोट आहे. औषधांना मुभा असते, पण घाबरलेल्या बँका औषधाचे पैसेसुद्धा पाठवत नाहीत. इराणमधल्या रुग्णांनी हे फार भोगलं. शिवाय घालणाऱ्याचा काटा सरळ हवा. इजिप्तमध्ये २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेलं सरकार पाडलं. अमेरिकेने मदत थोडी रोखली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू केली. हे जगातला प्रत्येक सेनापती बघत असतो.

पोलंडचं उदाहरण मला यासाठी आवडतं. डिसेंबर १९८१ मध्ये तिथे लष्करी कायदा लागला, अमेरिकेने निर्बंध घातले, आणि काय केलं तर काय उठेल ते टप्प्याटप्प्याने सांगितलं. सरकारने कैदी सोडले, तसे निर्बंध सुटत गेले, शेवटचे १९८७ मध्ये. सुटून आलेले लोक सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचे होते, आणि १९८९ मध्ये सरकारसमोर वाटाघाटीला तेच बसले.

म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांना मी सांगते की निर्बंधांची बातमी वाचली की आधी बघा, ते मागतंय कोण? त्या देशातली चळवळ की बाहेरचं कोणी? झळ खुर्चीजवळच्या माणसाला बसते आहे की दळण घेऊन चालणाऱ्या बाईला? शेजारी सामील आहेत का? आणि उठवायची अट काय ठेवली आहे?

बेलारूसला हे लावून बघितलं. निर्बंध मागणारे आतलेच होते. २०२० च्या निवडणुकीत लुकाशेंकोविरुद्ध उभ्या राहिलेल्या आणि मग देश सोडावा लागलेल्या स्वियातलाना त्सिखानोउस्काया यांनी ते मागितले होते. पण रशिया शेजारी उभा होता, लिथुआनियाने वाट अडवल्यावर पोटॅश रशियाच्या बंदरांतून आणि रेल्वेने चीनकडे जाऊ लागलं. खाणीतल्या संपाचे पुढारी तुरुंगात गेले. तरी अट शिल्लक होती, आणि तिच्यावर सौदा झाला. जून २०२५ मध्ये त्सिखानोउस्काया यांचे पती तुरुंगातून सुटले. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने पोटॅशवरचे आपले निर्बंध उठवायचं जाहीर केलं आणि लुकाशेंकोने १२३ कैदी सोडले. त्यात नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी आलेस बियालियात्स्की होते आणि २०२० च्या आंदोलनातल्या मारिया कोलेस्निकोवा होत्या. कोलेस्निकोवा यांना अटक होऊन पाच वर्षं उलटली होती.

त्या पोराला मी हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारलं, "आणि बाकीचे, ताई?"

बाकीचे शेकडो अजून आतच आहेत.